ड्रममधला वड

सुरतेत, आमच्या उधन्याच्या गल्लीच्या तोंडाशी वड होता. रस्ता रुंद करायचा म्हणून होळीच्या सुमारास तो पाडला. बाबांची दोन्ही मूत्रपिंडं तेव्हा जवळजवळ निकामी झाली होती, डायलिसिस सुरू होतं. तरी काठी टेकत ते करवतवाल्यांपुढे जाऊन उभे राहिले आणि माझ्या मांडीएवढा जाड ओंडका मागून आणला. म्हणजे मागितला त्यांनी, जिने चढवून गच्चीवर नेला मी. "बोन्साय करायचाय," म्हणाले. इथे माणसाचाच भरवसा नाही आणि यांना झाडाचे डोहाळे, असं मी तोंडावर बोलून दाखवलं. ते हसले.

बाबा मराठी शाळेत मास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवर उंबर, बोगनवेल असं काय काय कुंड्यांत बसवलं होतं. पण एवढ्या जाड ओंडक्याला मुळं फुटवायची हा त्यांचा पहिलाच उद्योग. खालचा काप त्यांनी चाकूनं गुळगुळीत करून घेतला, चीक वाळू दिला, राख लावली. वरच्या कापावर मेणबत्ती वितळवून ओतली. सचिनच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातला निळा ड्रम अर्धा कापून, तळाला भोक पाडून, त्यात जाड रेती भरली. ड्रम भिंतीच्या सावलीत विटांवर ठेवला, म्हणजे पाणी खालून निघून जाईल. ओंडका भिंतीतल्या खिळ्यांना सुतळीनं आवळून बांधला.

"हलला की कोवळी मुळं तुटतात," ते म्हणाले. "आणि पाणी बेतानं. रेती नुसती ओलसर हवी."

'पाणी बेतानं' हे शब्द आईला विषासारखे झाले होते. डॉक्टरांनी बाबांनाही तेच सांगितलं होतं. दिवसभराचं पाणी सकाळी एका बाटलीत भरून ठेवायचं, त्यातच औषधं, त्यातच चहा. सुरतचा उन्हाळा, अंगाला चिकटणारा. बाबा बर्फाचा खडा गालात धरून बसत आणि आईकडे बघायचं टाळत. आईनं त्यांच्यासमोर पाणी पिणं सोडलं होतं. मोरीत जाऊन, भिंतीकडे तोंड करून ती घटाघटा प्यायची. मी एकदा पाहिलं तर चोरी पकडल्यासारखी ओशाळली.

वैशाखात ओंडक्याला तांबूस कोंब फुटले, मग चकचकीत पानं. आई हरखली. लग्न होऊन सुरतेला आल्यापासून तिनं दर वटपौर्णिमेला याच वडाला सूत गुंडाळलं होतं.

"मूळ धरलं ना हो?"

"पालवीवर भुलू नये. ओंडक्याच्या अंगात शिदोरी असते, तिच्यावरच पानं फुटतात. खाली मूळ आलं नाही, तर शिदोरी संपली की खेळ खलास."

"तसलं काही बोलू नका. हा जगला की तुम्ही जगलात."

बाबा कशाचीही थट्टा करायचे. याची केली नाही.

वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या फांद्या विकायला येतात. "वडाची पूजा करायची आणि त्यासाठी वडच ओरबाडायचा!" असं बाबा जन्मभर कडाडत आले होते. त्या वर्षी आईला वाटलं, फांदी कशाला, आपल्या घरीच वड आहे. शिवाय गल्लीतल्या बायकांनाही आता कुठला वड उरला होता? बाबा आणि मी सकाळी डायलिसिसला गेलो आणि आईनं सगळ्यांना वर बोलावलं.

आम्ही परतलो तेव्हा बायका उतरत होत्या. आईच्या अंगावर लग्नातला शालू होता. "चला, वर चला, बघा तरी," म्हणून ती बाबांना जवळजवळ ओढतच घेऊन गेली. प्रत्येक जिन्यावर थांबत आम्ही पोहोचलो.

ड्रम गच्चीच्या मधोमध होता. भिंतीला लागून असला तर फेऱ्या कशा मारायच्या? म्हणून सुतळ्या सोडून, बायकांनी हात लावून तो ओढत आणला होता. विटा भिंतीपाशीच राहिल्या होत्या. ओंडक्याला खालपासून वरपर्यंत सूत, हळदकुंकू, आणि प्रत्येकीनं ओतलेल्या कलशाचं पाणी रेतीवर तुडुंब साचलेलं. तळाचं भोक गच्चीला टेकून बंद झालं होतं. मागे राहिलेली शेजारची खानदेशी मावशी कौतुकानं म्हणाली, "मास्तर, वडले पोटभर पानी पाजं आज. झाडले काय पानी जास्त व्हस?"

मी आईवर तुटून पडणार होते. बाबांनी माझं मनगट दाबलं.

"छान केलंस," ते आईला म्हणाले. "सगळ्या आल्या होत्या?"

संध्याकाळी आई वाण द्यायला गेली तेव्हा त्यांनी मला वर नेलं. मी ड्रम कलता केला, पाणी काढलं, ओंडका हळूच उपसला. खालच्या कडेला शेवयांसारखी पांढरी मुळं होती. बरीचशी तुटून रेतीत राहिली होती.

बाबांनी त्यातलं एक बोटावर घेतलं. "धरलं होतं गं," ते म्हणाले. मला तेव्हा आईचा इतका राग आला, की तिचं तोंड बघू नये असं वाटलं.

आम्ही तो पुन्हा लावला, विटांवर ठेवला, बांधला. पण शिदोरी संपली असावी. आषाढात पानं पिवळी पडून गळाली. आईनं विचारलं तर बाबा म्हणाले, "पावसाळ्यात वड पानं गाळतोच." मुलांचं एक चुकीचं उत्तर कधी खपवून न घेतलेला माणूस!

श्रावणात बाबा गेले.

दिवसकार्य झाल्यावर कुंड्या ज्यांनी त्यांनी मागून नेल्या. ओंडका कोणाला हवा होता? एका सकाळी आई घरात दिसेना म्हणून मी गच्चीवर गेले. ती बादलीत कलश बुडवून ड्रममध्ये पाणी ओतत होती. सूत अजून ओंडक्यावरच होतं, मळून काळं झालेलं.

"आई, वाळलाय तो."

"माहीत आहे. पावसाळ्यात वड पानं गाळत नाही, एवढं कळतं मला. त्यांनी सांगितलं, मी ऐकलं."

"मग पाणी कशाला?"

"बेतानं देऊन देऊन घालवलं त्यांना," ती म्हणाली. "याला तरी पोटभर देऊ दे."

ड्रम विटांवर होता. ओतलेलं सगळं खालून वाहून पन्हाळीकडे जात होतं. बादली रिकामी झाली तशी मी ती उचलली आणि खालून भरून आणली.