कड्यावरच्या पोळ्याचा अंदाज

सुनेने काल बाजारातून मध आणला. तिने बाटली उघडली आणि जांभळीच्या मधाचा कडसर वास घरभर पसरला. तेव्हापासून मला चैन नाही.

संस्थानात महाराजांची कारकीर्द होती तेव्हाची गोष्ट. शाहूवाडीच्या डोंगरात आमचे हे कड्यावरचा मध काढायचे. पोळ्यात किती मध आहे ते खालूनच ओळखायची नजर मात्र माझी. माथ्याशी पोळं किती फुगलंय ते बघून मी शेर सांगायची आणि जवळपास तेवढाच निघायचा. माझ्या शब्दावर हे दोराला लटकायचे.

एका हंगामात मला पाचवा महिना होता. आदल्याच आठवड्यात कड्यावर यांचा पाय सुटला होता, दोराचे वळ अजून कमरेवर होते. एका सकाळी कड्याखालून वर बघितलं तर पोळं सुपाएवढं, माथ्याशी गच्च भरलेलं. दहा शेर तरी नक्की.

"किती निघंल गं?" यांनी विचारलं.

"पोकळ हाय. शेरभर बी न्हाय निघायचा."

ते पोळ्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "व्हय?"

"व्हय की."

यांनी दोर खांद्यावर टाकला आणि आम्ही घरी आलो. चार दिवसांनी शेजारच्या वाडीतल्या गड्याने तेच पोळं उतरवलं आणि भरली घागर आमच्या दारावरून नेली. हे ओट्यावरच बसले होते.

पुढं पोर झालं, हेही म्हातारे होऊन गेले. पण त्यानंतर यांनी मला अंदाज कधी विचारला नाही. प्रत्येक कड्याखाली स्वतःच मान वर करून उभे राहायचे. माझ्यावरचा विश्वास उडाला म्हणून, की मला पुन्हा खोटं बोलायला लागू नये म्हणून, ते अजून कळलेलं नाही.