स्टँडपर्यंत पोचवून येतो

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, उभ्या आयुष्यात स्वतःसाठी म्हणून एक पाऊल टाकलं नाही, आणि तरीही त्यांच्या वयाच्या माणसांत त्यांच्याइतका चाललेला माणूस अख्ख्या जळगावात सापडायचा नाही. ही दोन्ही विधानं मी पूर्ण विचार करून करते आहे. मी धुळ्याच्या एका शाळेत पर्यवेक्षिका आहे. वेळापत्रकं लावण्यात आणि याद्या करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. उगाच मोठं बोलायची मला सवय नाही. पण दाजींबद्दल लिहायचं तर लहान बोलून भागत नाही.

दाजी कापसाच्या जिनिंगमध्ये व्यवस्थापक होते. दिवसभर गादीवर बसायचे, आणि उठले की थेट स्कूटरवर बसायचे. या दोन बैठकींच्या मध्ये जेवढं चालणं होई, तेवढंच त्यांचं चालणं. घराच्या फाटकातून कोपऱ्यावरची पानाची टपरी दिसायची. दाजी तिथेही स्कूटरने जात. त्या स्कूटरला इतक्या किका लागत, की पहिली किक ऐकून टपरीवाला पान लावायला घेई आणि दाजी पोचेपर्यंत ते तयार असे. मी एकदा म्हटलं, "दाजी, एवढ्या वेळात पायी जाऊन परत आला असता." त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "पर्यवेक्षिकाबाई, देवाने माणसाला पाय दिले ते किक मारायला."

निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सौम्य होता, पण घर हादरलं. डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं सांगितलं, स्कूटर बंद करायला सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "रोज चालायचं. गोळ्या मी देईन, पण पाय तुमचेच लागतील. नाही चाललात तर पुढच्या खेपेला माझ्या हातात काही राहणार नाही." दाजींनी मान डोलावली आणि घरी येऊन झोपाळ्यावर बसले ते उठेचनात. अक्काचा धीर सुटला. तिने मला बोलावून घेतलं. स्वयंपाकघरात बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ ढवळता ढवळता ती म्हणाली, "मला यांना ओरडता येत नाही गं. तू ओरड. तू शाळेत रोज ओरडतेस. हे चालले नाहीत तर मी काय करू, एवढंच सांग मला."

मी ओरडले नाही, यादी केली. चालण्याचा कंटाळा येऊ नये म्हणून काय काय करता येईल, याची. वेळ ठरलेली हवी, रस्ता रोज वेगळा हवा, सोबत हवी, कानाला काहीतरी ऐकायला हवं आणि शेवटी छोटंसं बक्षीस हवं. शाळेला सुट्टी होती, म्हणून अंमलबजावणीला मी स्वतः थांबले.

पहिल्या दिवशी सकाळी मेहरूण तलावाच्या दिशेने पाठवलं. दाजी फाटकाबाहेर पडले आणि समोरून दूधवाला आला. "कथा चालनात नाना?" त्याने विचारलं. आता आपल्याकडे रस्त्यात भेटलेल्या माणसाला कुठे निघालात हे विचारतातच, आणि विचारलं की गावाचं नाही तर कामाचं नाव सांगायचं असतं. "कुठेच नाही, नुसता चालतोय," हे उत्तर दाजींच्या तोंडून निघेना. ते म्हणाले, "दवाखान्यात." संध्याकाळपर्यंत तब्येतीची चौकशी करायला अर्धी गल्ली घरी येऊन गेली. दुसऱ्या दिवशी मी पढवलं, "सरळ सांगा, फिरायला निघालोय." त्यांनी तसं सांगितलं. दूधवाल्याने कळवळून विचारलं, "का बरं नाना, गाडी बिघडनी का?" दाजी तिथूनच परत फिरले. म्हणाले, "रिकाम्या माणसासारखं रस्त्याने हिंडायचं, लोक काय म्हणतील? माणूस कुठेतरी जायला निघतो. मी कुठे जायला निघू?"

सोबत म्हणून शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर जोडून दिले. दोघे पहिल्या चहाच्या टपरीपर्यंत गेले आणि तिथे रमले. येताना केळ्याचे वेफर्स घेऊन आले, माझ्यासाठी, कारण मी त्यांच्यासाठी एवढी धडपड करत होते. मग हातात ट्रान्झिस्टर दिला. गाणी सुरू होती तोवर ठीक चाललं, पण कापसाचे बाजारभाव लागले आणि दाजी रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. भोवती माणसं जमली, सायकली थांबल्या. मी गच्चीवरून बघत होते. घरी आल्यावर म्हणाले, "भाव सांगत असताना कुणी चालतं का? उभं राहून ऐकायची गोष्ट आहे ती." बक्षिसाच्या कलमावर तर त्यांनी साधी सूचना केली की ते आधी मिळालं तर उमेद येईल.

यादी संपली, सुट्टीही संपली. मी हार मानून धुळ्याला निघाले. एका खांद्यावर माझी बॅग, दुसऱ्या हातात अक्काने भरताच्या वांग्यांनी भरलेली पिशवी. चपला घालत होते तेवढ्यात दाजी झोपाळ्यावरून उठले, टोपी घातली आणि माझ्या हातातली पिशवी घेत म्हणाले, "चल, स्टँडपर्यंत पोचवून येतो."

स्कूटर तर बंदच होती. म्हणजे पायी. अक्काने आणि मी एकमेकींकडे बघितलं. दाजी चालू लागले, आणि काय सांगू, तो माणूसच बदलला. "उजवीकडून ये, इथे डाव्या हाताला गटार उघडं आहे." पाण्याची टाकी आली तेव्हा ती बांधणाऱ्या कंत्राटदाराच्या मुलीचं लग्न कसं मोडलं आणि पुन्हा कसं जुळलं, ते सगळं सांगितलं. रसवंतीशी थांबले, "तुला रस नको ना? नकोच," असं स्वतःच ठरवून पुढे निघाले. स्टँडवर माझ्या आधी गाडीत चढून त्यांनी खिडकीशी रुमाल टाकला, कंडक्टरला बजावलं, "बाईंना धुळ्याला जायचंय, पारोळ्याला उतरवू नका," आणि गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत हात वर करून उभे राहिले. आणि मग पायीच घरी गेले. कंटाळा हा शब्द त्यांनी त्या दिवशी काढला नाही. दूधवाल्याने विचारलं असेल तर छाती काढून सांगितलं असेल, "मेहुणीला पोचवायला गेलो होतो."

जे मला पाच कलमांत जमलं नाही, ते अक्काने एका दुपारी हेरलं. यांना स्वतःसाठी चालता येत नाही. पण आलेल्या माणसाला पोचवायचं म्हटलं की यांना पंख फुटतात. त्या दिवसापासून अक्काने घरात रोज पाहुणा हजर ठेवायचा विडाच उचलला. भिशीच्या बायका, पापड लाटणाऱ्या, हळदीकुंकवाला राहून गेलेल्या, सगळ्यांना एकेक करून चहाला बोलावणं जाऊ लागलं. एकदम बोलावलं तर एकदम जातील, म्हणून एकेक. चहा झाला की अक्का आतून म्हणे, "अहो, या निघाल्यात हं," आणि दाजी टोपी शोधू लागत. त्यांची पोचवण्याची पद्धतही ठरलेली: पाहुण्याच्या हातातलं ओझं आपण घ्यायचं, त्याच्या बाजूने ऊन येऊ द्यायचं नाही आणि तो दिसेनासा होईपर्यंत मागे वळायचं नाही. दोन घरं सोडून राहणाऱ्या गणपतीच्या वर्गणीवाल्याला त्यांनी तलावाला वळसा घालून घरी पोचवला. पत्ता चुकून आलेल्या एका अनोळखी माणसाला शहराच्या दुसऱ्या टोकाला बरोबर घरी नेऊन सोडलं, तिथे चहा घेतला, आणि त्या घरच्या लोकांनी दाजींना पोचवायला मुलगा पाठवला तर त्यालाच अर्ध्या वाटेवरून परत पोचवून आले. विम्याचा एक एजंट स्कूटरवर आला होता. त्याला वाटलं आपण सुटलो. दाजी म्हणाले, "ढकलत चला ना, बोलत बोलत जाऊ." बिचाऱ्याने चौकापर्यंत स्कूटर ढकलली.

त्यांना तोडीस तोड असा एकच भेटला, त्यांचा जिनिंगमधला जुना सोबती, पाचोऱ्याचा. "बठ्ठं ठीक शे ना?" असं विचारत तो आला, जेवला, निघाला. दाजींनी त्याला स्टँडवर नेलं. तिथे तो म्हणाला, "तुम्ही आजारी माणूस, एकटे कसे जाल?" आणि दाजींना घरी पोचवायला आला. आता घरापर्यंत आलेल्या माणसाला तसंच कसं पाठवायचं? दाजी पुन्हा निघाले. असं करता करता पाचोऱ्याची शेवटची गाडीही गेली आणि दोघे घामाघूम होऊन जेवायला परत आले. दोघांपैकी कुणालाही यात काही चुकलं असं वाटत नव्हतं. अक्का मला फोनवर सांगताना हसून हसून बेजार झाली होती. "डॉक्टर म्हणाले, छाती अगदी छान आहे. म्हटलं, असणारच. माझे पाहुणे लागलेत तिथे."

अशी काही वर्षं बरी गेली. मग लोक जरा जपून येऊ लागले, कारण अक्काच्या घरी बसायला जेवढा वेळ लागे, त्याहून जास्त तिथून निघायला लागे. त्यातच दाजींची नजर उतरत चालली. पुण्याच्या मुलाने काळजीने घरात चालायचं यंत्र पाठवून दिलं. खाली पट्टा, पुढे धरायला दांडा, पाय टाकला की पट्टा मागे सरकणार. दाजींनी त्याला एक चक्कर मारून विचारलं, "चालायचं, आणि इथेच राहायचं? मग झोपाळा काय वाईट आहे?" मी पुन्हा यादी काढली. यंत्रापुढे टीव्ही ठेवला. क्रिकेटचा सामना रंगात आला की दाजींचे पाय थांबत, आणि सामना रटाळ झाला की ते उतरून चहा मागत. गाणी लावली तर दांड्यावर ताल धरून उभे राहत. शेवटी उन्हाळ्यात त्या दांड्यावर अक्काने बिबड्या घालायची धोतरं वाळत घातली, आणि मी तो विषय सोडून दिला.

पुढच्या वर्षी संध्याकाळी कुणाला तरी पोचवून परत येताना दाजींना सायकलचा धक्का लागला. फार नाही, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता एकट्याने रस्त्यावर जायचं नाही. अक्काचे गुडघे धरलेले. ती बरोबर जाऊ शकत नव्हती. दाजी पुन्हा झोपाळ्यावर बसले. या खेपेला ते आळसाने बसले नव्हते, हे दिसत होतं, आणि म्हणूनच अक्का जास्त घाबरली. फोनवर तिचा आवाज बारीक झाला होता. "पहिल्यांदा झालं तेव्हा निदान माझ्याकडे युक्ती होती," ती म्हणाली. "आता पाहुणा आला तरी हे नुसतं 'या' म्हणतात."

मी गेले. दोन दिवस राहिले. या वेळी यादी केली नाही. काय लिहिणार होते? दाजी बोलत होते, हसत होते, पण टोपी खुंटीवर होती. निघायच्या दिवशी मी मुद्दाम रिक्षा बोलवायचं म्हटलं, म्हणजे त्यांना अवघड वाटू नये. ते म्हणाले, "कशाला रिक्षा? जवळ तर आहे." मग उठले, टोपी घातली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि फाटकापर्यंत आले. फाटकाचा खांब चाचपून पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाले, "इथून पुढे तू जा. गटार डाव्या हाताला नाही, आता उजव्या हाताला उघडं आहे. मला गल्लीतल्या पोराने सांगितलं."

मी चौकापर्यंत गेले आणि चष्मा अक्काकडे राहिल्याचं लक्षात आलं. माझ्यासारख्या बाईचा चष्मा राहावा, यावरून मी कशी निघाले असेन ते समजून घ्या. परत आले. फाटक उघडंच होतं. दारात अक्का उभी होती, तिने ओठांवर बोट ठेवलं.

आत दाजी यंत्रावर चालत होते. टोपी डोक्यावर, एक हात दांड्यावर, दुसरा हात पिशवी धरल्यासारखा. बिबड्यांची धोतरं घडी करून बाजूला ठेवली होती. "हां, सावकाश," ते म्हणत होते, "ही टाकी आली. त्या कंत्राटदाराच्या मुलीला आता मुलगा झाला, बरं का." पट्टा कुरकुरत होता.

अक्का माझ्या कानाशी कुजबुजली, "तू फाटकाबाहेर पडलीस आणि हे आत आले. म्हणाले, तिला स्टँडपर्यंत पोचवून येतो." मग ती मोठ्याने, अगदी रोजचं विचारल्यासारखं म्हणाली, "रसवंती आली का हो?"

"आली. तिला रस नकोय."

माझी गाडी चुकणार होती. मी चपला न काढता उंबऱ्याबाहेर तशीच उभी राहिले. थोड्या वेळाने पट्टा थांबला. दाजींना धाप लागली होती, पण चेहरा उजळला होता. त्यांनी अंदाजाने खिडकीकडे तोंड केलं, हात वर केला आणि गाडी वळून दिसेनाशी व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तसाच धरून ठेवला. त्यांच्या पाठीमागे मीही हात वर केला.

त्यानंतर अक्काने पुन्हा पाहुणे बोलवायला सुरुवात केली. मी तर सुट्टी मिळाली की जातेच. जळगावला कितीही ऊन असो, हातात कितीही ओझं असो, दाजींच्या घरून स्टँडवर जायला मी रिक्षा करत नाही. मला भराभर चालायची सवय. शाळेत मुलं म्हणतात, बाई पळतात. पण त्या रस्त्याने मी सावकाश जाते, टाकीशी जरा थांबते, रसवंतीशीही थांबते. घाई केली तर दाजी मागे राहतील.