पिठावरची चिमणीची पावलं

मंडळी, काल धरमपेठेतल्या घरी आई गेली. आज सकाळी तिच्यासाठी पसरलेलं पीठ पाहिलं. कोरंच होतं.

आमच्याकडे माणूस गेलं की दिव्याजवळ पीठ पसरतात. त्यावर ज्या प्राण्या-पाखराची पावलं उमटतात, त्याच्या जन्माला जीव गेला असं मानतात.

सत्तरच्या दशकात, नरखेडजवळच्या आमच्या शाळेत, चित्रकलेचे सर चित्रातली लय शिकवत होते. फळ्यावर चिमणीची पावलं काढून म्हणाले, "एका मापानं काढली त मेलेली दिसतेत, पोट्टेहो. अंतर कमी-जास्त करा, मंग पाखरू चाललं वाटते."

त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ बंडू तापानं गेला. सकाळी पीठ कोरं. आई नुसती बघत बसलेली. ती विहिरीवर गेली तेव्हा मी बोटानं पावलं काढली, सरांनी शिकवली तशी.

"माहा बंडू चिमणी झाला वं!" म्हणत आई तेव्हा कुठे रडली. पुढं जन्मभर तिनं चिमण्यांना ज्वारी टाकली.

ती लय माझ्या बोटात अजून आहे. पण आज घरातल्यांनी पिठाकडे एकदा पाहिलं, झाडून घेतलं आणि शेजारून आलेला चहा प्यायला.

सांगा, पावलं कोणासाठी काढायची होती?