दगाजी नानांचा जाड पाइप

दगाजी नाना कुणाच्याही घरी गेले, की पाणी प्यायच्या आधी नळाच्या पाइपावर बोटाचं पेर आपटून कान देत. लग्नाच्या मांडवाचे खांबसुद्धा त्यांनी कधी सोडले नाहीत. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ते बॉयलरचे वेल्डर आणि मी स्टोअरमधला कारकून. मूळचे बागलाणातले, त्यामुळे रागावले की अहिराणीत शिरत. माझ्याशी ते बहुतेक अहिराणीतच बोलत.

नामपूरला मुलींचं एक वसतिगृह होतं. त्याच्या स्वयंपाकघराचं छप्पर वाळवीनं खाल्लेलं. कुणीतरी पत्रे दिले होते, पण ते पेलायला खाली काही नव्हतं, आणि चूल उघड्यावर. नाना, मी आणि केंद्रातले आणखी दोघे, अशा आम्ही चौघांनी ठरवलं, सगळ्यांनी पायडल मारायची एक गाडी बांधायची, गावोगाव मदत मागत नामपूरला जायचं आणि बाजाराच्या दिवशी, कांद्याचे शेतकरी जमतात तेव्हा, पोचायचं. चित्र मी काढलं. सायकलच्या पातळ नळ्या, दोघांना उचलता येईल असा सांगाडा. नानांनी ते पाहिलं, घडी करून खिशात घातलं आणि भंगार बाजारातून बॉयलरचे जाड पाइप आणले.

"नाना, ही गाडी आहे, बॉयलर नाही!"

"पातळ पाइप माणूसले खाई जास, भाऊ."

पाइप फुटून त्यांचा जोडीदार त्यांच्या डोळ्यांदेखत वाफेनं भाजून गेला होता. मला ते ठाऊक होतं. तरी राग यायचा तो यायचाच. सहा महिन्यांचे रविवार असे गेले. एखादा सांधा जमला म्हणावं, तर नाना तो वाजवून बघत. "आवाज बराबर नही शे," म्हणत आणि कापून काढत. वजनानं सायकलची चाकं दोनदा वाकली, तेव्हा मोटारसायकलची बसवली. पाइप काही बदलला नाही.

चांदवडच्या चढाला व्हायचं ते झालं. चौघांच्या पोटऱ्यांना गोळे आले, गाडी हलेना. दुधाचे कॅन लटकवलेला एक म्हातारा सायकलवरून आमच्या पुढे निघून गेला. माझा तोल सुटला. "गेलेल्या माणसापायी आम्हा जिवंतांना कशाला मारता?" नाना खाली उतरून मागून ढकलू लागले.

एक दिवस उशिरा पोचलो. बाजार उठला होता, रिकाम्या मैदानात कांद्याची सालं उडत होती. मी वसतिगृहाच्या ओट्यावर डोकं धरून बसलो. नाना मात्र स्वयंपाकघर पावलांनी मोजत होते. मग त्यांनी ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानातून गॅसकटर आणला आणि गाडी कापायला घेतली.

"नाना, सहा महिने घातलेत आपण!"

"गाडी पोचनी ना? मंग तिनं काम व्हयनं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच पाइपांवर पत्रे चढले. आम्ही एसटीनं परतलो. माफी सटाण्याला मागू म्हटलं, मग नाशिकला, मग पुढच्या रविवारी. नाना निवृत्त होऊन गावी गेले आणि एका हिवाळ्यात ते गेल्याचं पोस्टकार्ड आलं.

पुढे कामानं नामपूरला गेलो, तेव्हा त्या स्वयंपाकघरात शिरलो. धुरानं काळे झालेले पाइप जागचे हलले नव्हते. स्टुलावर चढून मी बोटाचं पेर आपटलं आणि कान दिला.

"काय आयकी ऱ्हायनात, भाऊ?" भाकरी थापणाऱ्या बाईंनी विचारलं.

मला सांगता येईना. बरोबर आवाज कसा असतो, हे मी नानांना कधी विचारलंच नव्हतं.