चौथ्या प्रकरणातला अंगठा

सुवर्णाला मी फसवलं. चुकून नाही, रागाच्या भरातही नाही — तीन महिने, दर शनिवारी, समोर बसवून, वर चहा पाजून फसवलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. आणि ज्यांच्यापासून माझं काही लपत नाही त्या हबीबचाचांनी समोर उभं करून विचारलं, तेव्हाही मी खोटंच बोललो.

कसं फसवलं ते सांगतो. पण आधी माझी तक्रार ऐकून घ्या. मला ठाऊक आहे, कबूल करायला बसलेल्यानं आधी दुसऱ्याकडं बोट दाखवू नये. पण मी हा असा आहे — आपला माल दाखवायच्या आधी समोरच्याच्या मालातली खोट काढायची, ही सवय हाडात गेलेली.

मी सिल्लोडकडचा. बारावीनंतर बसवून खाऊ घालणारं घरी कुणी नव्हतं, म्हणून बैलबाजारात दलाली धरली. हबीबचाचा तिथले जुने दलाल. त्यांनीच मला धंदा शिकवला. बैलबाजार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो — जुने दलाल बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि त्या रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी काय मागितलं, काय दिलं, कुणाला कळत नाही. किती बोटं धरली त्यावर आकडा ठरतो. आणि आमच्या बाजारात अंगठा दाबला की त्याचा अर्थ एकच — जमत नाही, सोड हात. त्यावर पुन्हा बोलणं नाही. माणूस उठतो आणि चालायला लागतो.

ह्याच धंद्यावर मी बाहेरून बी.ए. केलं. मग संभाजीनगरला विद्यापीठात येऊन समाजशास्त्रात एम.ए. केलं. पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झालो. इंग्रजीचं प्रत्येक पान शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायचो. मुलाखतीत समितीपुढं विषय मांडला तो माझ्या हातातलाच — बैलबाजारातला सौदा. रुमालाखालची बोटं. अनोळखी माणसं एकमेकांवर भरवसा कशी ठेवतात, आणि कुठं ठेवत नाहीत.

समितीतले एक सर हसले. सगळ्यात मोठे तेच. म्हणाले, "दलाली वेगळी आणि संशोधन वेगळं हो." बाकीचे दोघंही हसले. मी फाईल टेबलावर आपटली, "तुम्ही कधी बाजारात पाय ठेवलाय का," असं विचारलं आणि बाहेर पडलो. अर्थातच मला जागा मिळाली नाही. पुढल्या खेपेला दुसऱ्या गाईडकडं मिळाली, ग्रामपंचायतीच्या योजना असल्या कोरड्या विषयावर. आणि त्याच सुमारास विभागाच्या फलकावर मंजूर विषयांची यादी लागली. 'पशुबाजारातील सौदा, संकेत आणि सामाजिक विश्वास.' मार्गदर्शक — तेच सर. संशोधक — सुवर्णा.

विषय माझा होता. हे मी तेव्हा म्हणत होतो, आजही म्हणतो.

पण सुवर्णाला ह्यातलं काय माहीत? काहीच नाही. ती मुकुंदवाडीची, वडील कंपनीत फिटर, घरातली पहिलीच मुलगी विद्यापीठात आलेली. यादी लागली त्याच दिवशी व्हरांड्यात मला शोधत आली. "दादा, तुम्ही बाजारातले ना? सरांनी मला लई भारी विषय दिलाय बघा. मला शिकवाल का?"

तिच्या तोंडावरचा तो आनंद — तुम्ही पाहायला हवा होता. मी पाहिला, आणि त्या क्षणापासून मला तो सहन झाला नाही.

हेवा म्हणजे काय असतं, हे मला आधी माहीत नव्हतं. बाजारात कुणी जास्त कमावलं तर मी चिडायचो, शिव्या द्यायचो, दुसऱ्या दिवशी विसरायचो. हे तसं नव्हतं. सर तिच्या प्रकरणांवर हिरव्या शाईनं समासात लिहायचे, ते मी तिच्या नकळत वाचायचो. माझ्या गाईडनं माझं एक पान तरी उलटून पाहिलं असेल का? तिचे वडील सुट्टीच्या दिवशी तिला स्कूटरवर सोडायला यायचे आणि गेटवर उभं राहून ती आत जाईपर्यंत बघत राहायचे. मला त्याचाही हेवा वाटला. ती इंग्रजी पुस्तक वर्तमानपत्रासारखं वाचायची. माझ्या प्रबंधाचा इंग्रजी सारांश तिनं एका बैठकीत करून दिला — मी मागितला नव्हता, तिनंच विचारलं. तो सारांश इतका नेटका होता, की माझं लिखाण मलाच बरं वाटायला लागलं. त्याबद्दल मी तिला कधी मनापासून धन्यवाद दिले असतील का? उलट, तो कागद हातात घेऊन मी मनात म्हटलं — हिला एवढं सगळं येतं, वर माझा विषयही पाहिजे?

सरांपर्यंत माझा हात पोचत नव्हता. तिच्यापर्यंत पोचत होता. इतकं साधं आहे ते.

तिची अडचण मला पहिल्याच दिवशी कळली होती. रुमालाखाली बाईचा हात कोण धरणार? बाजारात ती वर्षभर फिरली, शेतकऱ्यांशी बोलली, चाचांकडून बाजाराचा सगळा जुना इतिहास लिहून घेतला. पण बोटांचं काही विचारलं की चाचा मान फिरवायचे — "वो छोड़ बेटी, वो मर्दों का काम." बाकीचे दलाल तर ती म्हणेल त्याला "व्हय बाई, व्हय बाई" म्हणून मोकळे व्हायचे. तेव्हा रुमालाखालचं जग तिला दाखवणारा एकच माणूस होता. मी.

दर शनिवारी कँटीनच्या मागल्या बाकावर आम्ही बसायचो. मी माझ्याच डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं धरून दाखवायचो, ती वहीत हाताची चित्रं काढायची. चित्रंसुद्धा सुरेख काढायची. मी तिला सगळं खरं सांगितलं. एक बोट, दोन बोटं, पंजा, रुमाल कुणी टाकायचा, आधी हात कुणी पुढं करायचा — सगळं खरं. खोटं खपवायचं तर भोवती खरं रचावं लागतं, हे कळायला विद्यापीठात यावं लागत नाही.

आणि अंगठा?

अंगठ्याचं मी तिला उलटं सांगितलं. म्हटलं, अंगठा दाबला की सौदा पक्का. शब्द दिला. आता आभाळ कोसळलं तरी मागं फिरणं नाही.

तिचे डोळे चमकले. "म्हणजे लेखी काहीच नाही, दादा? नुसत्या अंगठ्यावर?" मी म्हटलं, "नुसत्या अंगठ्यावर." पुढल्या शनिवारी ती त्यावरच आणखी प्रश्न घेऊन आली, मी आणखी उदाहरणं रचून दिली. कुठल्या गावचा कोण, कसा अंगठा दाबला आणि कसा शब्द पाळला. एकही माणूस खरा नव्हता. तिनं त्यावर अख्खं चौथं प्रकरण उभं केलं — अंगठा आणि विश्वास. सर विभागात सगळ्यांना सांगायचे, हे प्रकरण म्हणजे प्रबंधाचा कणा आहे. मी ते ऐकायचो. खोटं कशाला बोलू, त्या ऐकण्यात मला सुख होतं.

मधे कधी सांगून टाकावंसं वाटलं का? वाटलं. एकदा ती चौथ्या प्रकरणाची टाइप केलेली पानं घेऊन आली. "दादा, एकदा डोळ्यांखालून घाला, काही चुकलं असंल तर." समोर ठेवली होती पानं. मी ती सगळी वाचली आणि दोन ठिकाणी काना-मात्रा सुधारून दिल्या.

मग तिची व्हायवा आली. माझी आधीच झाली होती. माझ्या विषयात तपासण्यासारखं होतंच काय? त्याच महिन्यात कन्नड तालुक्यातल्या एका कॉलेजात समाजशास्त्राच्या जागेची मुलाखत होती. आम्ही दोघांनीही अर्ज केला होता. व्हायवा नीट पार पडली तर तिची पदवी मुलाखतीआधी जाहीर होणार होती, आणि तशी झाली तर ती जागा तिचीच — हे सगळे जाणून होते. मी तर जास्तच.

व्हायवाचा नाश्ता ठरवायचं काम तिनं माझ्यावर सोपवलं होतं. शहागंजातून कचोरी आणि इमरती आणली. हॉलमध्ये आलो तर पहिल्या रांगेत पांढरी टोपी घालून हबीबचाचा. तिनं त्यांना सिल्लोडहून मानानं बोलावून घेतलं होतं. मला ते माहीत नव्हतं.

तिनं फार सुंदर मांडलं. मग पडद्यावर चौथं प्रकरण आलं — तिनंच काढलेलं चित्र, एका हातानं दाबलेला दुसऱ्याचा अंगठा. ती अंगठा म्हणजे दिलेला शब्द हे समजावून सांगत होती आणि चाचा मोठ्यानं हसले. त्यांना राहवलंच नाही.

"अरे बेटी, अंगूठा दबाया तो आदमी उठ के जाता! बैल ले के नहीं जाता!"

हॉल हसला. बाहेरून आलेले परीक्षक हसले नाहीत. त्यांनी चाचांना दोनतीन प्रश्न विचारले. चाचांनी उठून, शेजारी बसलेल्या शिपायाचा हात धरून, सगळं करून दाखवलं. मग परीक्षक सुवर्णाकडं वळले. ही माहिती तुम्हाला कुणी दिली?

तिनं माझ्याकडं पाहिलं. क्षणभरच. मी मोबाइलमध्ये मान घातली.

"माहितीदाता क्रमांक सात," ती म्हणाली. "नाव सांगता येणार नाही, सर. तसा शब्द दिलाय मी. चूक माझी आहे. मी दुसरीकडं पडताळून घ्यायला हवं होतं."

पाठीमागं तिचे वडील बसले होते, त्यांना फक्त एवढंच कळत होतं की लोक हसले. आणि खरं सांगू — त्या घडीलासुद्धा मला लाज वाटली नाही. मला तिच्या त्या शब्द पाळण्याचा हेवा वाटला. मी असतो तर नाव सांगितलं असतं. दोनदा सांगितलं असतं.

निर्णय झाला: चौथं प्रकरण नव्यानं लिहून प्रबंध पुन्हा सादर करावा. नाश्त्याकडं कुणी फिरकलं नाही. मी दोन कचोऱ्या खाल्ल्या.

बाहेर चाचांनी मला जिन्याखाली गाठलं. त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या बाजारातला विद्यापीठात आलेला दुसरा होता कोण?

"अंगठा मीच शिकवला ना रे तुला?" ते म्हणाले. "का इसरलास?"

बघा, म्हाताऱ्यानं मला वाट करून दिली होती. मी ती घेतली. म्हटलं, "इसरलो, चाचा. लई वर्षं झाली."

"बैल इकताना तर कधी इसरला नाय तू." एवढं बोलून ते चालू लागले. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

मुलाखतीला आम्ही तीन उमेदवार गेलो. सुवर्णा येऊ शकली नाही. पदवी हातात नव्हती. जागा मला मिळाली. ती आली असती तरी मला मिळाली असती का? ठाऊक नाही. आणि ठाऊक नाही म्हणून मी सुटतो, असंही नाही.

तिनं पुढं काय केलं, तेही सांगायला हवं. ती पुन्हा सिल्लोडला गेली, चाचांच्या घरी. चाचा परक्या बाईचा हात धरायला तयार नव्हते. तेव्हा त्यांनी आपल्या बायकोचा हात धरला, आणि चाचीनं ओढणीखाली सुवर्णाचा. एक एक खूण अशी चाचांच्या हातातून चाचीच्या हातात आणि चाचीच्या हातातून तिच्या हातात गेली. मला हा मार्ग कधी सुचला नसता. सुचवावा असं वाटलंही नसतं. प्रबंध पूर्ण व्हायला आणखी दीड वर्ष गेलं, पण पहिल्यापेक्षा तो कितीतरी चांगला झाला. आज ती तीन ठिकाणी तासिका तत्त्वावर शिकवते आणि जागा निघायची वाट बघते. मी कायम आहे. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तिनं माझं नाव घातलंय, चाचांच्या नावाखाली. ते पान माझ्या कपाटात आहे.

सरांनी माझा विषय उचलला, त्याचं उत्तर त्यांनी द्यावं. ही माझी मागणी आहे आणि मी ती सोडणार नाही. पण त्या मागणीच्या आडोशाला मी उभा राहणार नाही. सरांनी जे केलं ते माझ्याशी केलं. सुवर्णाशी जे केलं ते मी केलं — अंगठ्याचं खोटं सांग, असं सरांनी माझ्या कानात फुंकलं नव्हतं.

माहितीदाता क्रमांक सात म्हणजे मी, अंकुश. हे छापून आलं की एक प्रत मुकुंदवाडीला जाईल, एक सिल्लोडला, एक विभागात, आणि एक मी नोकरी करतो त्या कॉलेजच्या प्राचार्यांच्या टेबलावर. त्यांनी मला बोलवावं, सगळ्यांसमोर उभं करावं आणि जाब विचारावा. सुवर्णानं मला आजपर्यंत एका शब्दानं विचारलेलं नाही. तुम्ही विचारा.