हे पॅकेज कोणाकडचं?

परवा दुपारी कंपनीच्या प्रमुखांचा मेसेज आला. आपल्या प्रोजेक्टमध्ये एक असुरक्षित पॅकेज सापडलंय, ते कशासाठी बसवलंय ते शोधा आणि लागत नसेल तर काढून टाकू. कंपनी बंगळूरची, मी जबलपुरात घरून काम करते आणि माझा करार या महिन्याअखेर संपतो. "हिंदी बिलांचं काम आहे तोवर तू आहेस," असं प्रमुखांनी मागे हसत हसत सांगितलं होतं. तेव्हा मीही हसले होते.

पॅकेज म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड. या पॅकेजचं नावही मी कधी ऐकलं नव्हतं. त्यात नवल नाही. आपण एक पॅकेज आणतो, ते स्वतःच्या गरजेची चार आणतं, ती चार आणखी आणतात आणि बघता बघता घर भरतं. पंगतीत बसलेल्या अनोळखी माणसाला "तुम्ही कोणाकडचे?" विचारावं, तसं विचारणारी एक कमांड असते. ती एकेक नातं सांगत वर जाते.

मी कमांड दिली. हे पॅकेज आणलं होतं जोडाक्षरं सुटी करणाऱ्या दुसऱ्या एका पॅकेजने. त्याला आणलं होतं फॉन्ट बदलणाऱ्या तिसऱ्याने. आणि तिसऱ्याला आणलं होतं आमच्याच प्रोजेक्टमधल्या बिलं छापणाऱ्या भागाने. तो भाग मी लिहिलेला. मी पाणी प्यायले आणि पुन्हा स्क्रीनसमोर येऊन बसले.

आमचं अ‍ॅप खत-बियाण्यांच्या दुकानांसाठी आहे. सुरुवातीला जबलपूरजवळच्या मझौली, कुंडमकडच्या दुकानांत जुन्या हिंदी फॉन्टवर चालणारे कॉम्प्युटर होते. आमची हिंदी तिथे पोचली की तिचे नुसते चौकोन व्हायचे. बंगळूरची मंडळी म्हणाली, मग बिल इंग्रजीत द्या. शेतकऱ्याला इंग्रजीत बिल! माझं डोकंच फिरलं. मी बस पकडून मझौलीला गेले, काउंटरमागे खताच्या पोत्यावर बसून त्यांच्या फॉन्टचं एकेक अक्षर समजून घेतलं आणि आपली हिंदी त्यात बदलणारा हा भाग लिहिला. 'गेहूँ का बीज' पहिल्यांदा नीट छापून आलं, तेव्हा दुकानदाराने समोरून खोव्याची जलेबी मागवली. माझ्या कामावर खूश होऊन कोणी तोंड गोड केलं ते तेवढंच.

आता त्याच दुकानदाराला मी फोन लावला.

"अरे दीदी, वो कंप्यूटर? वो तो कब का कबाड़ी ले गया. अब तो बिल मोबाइल पर ही भेज देते हैं." मग म्हणाला, "आप आइए न कभी."

कुंडमलाही विचारलं. तिथेही तेच, जुना कॉम्प्युटर भंगारात. छापायचं बटण शेवटचं कधी कोणी दाबलं ते सर्व्हरवर पाहिलं, तर पार जुन्या नोंदी चाळाव्या लागल्या.

बाबा शेजारी पेपर वाचत होते. ते संरक्षण खात्याच्या कारखान्यातून रिटायर झाले. घरात बसून होतं ते काम असतं, यावर त्यांचा अजून विश्वास नाही.

"काहून गं, तोंड पाडून बसून राहिली?"

मी सगळं सांगितलं.

"मग तू सांगून काहून राहिली त्यांना? लागते म्हणून सांगून दे. कोण पाहायला येते?"

"असुरक्षित आहे ते, बाबा."

"तर दुरुस्त कर. अच्छा, एक सांगतो. आमच्या इथं कोणी विचारतच नव्हतं, का हा टेबल इथं काहून आहे. टेबलाचं विचारलं की माणसाचं निघते."

त्यांचं चूक नव्हतं. त्या पॅकेजची सुधारलेली आवृत्ती आली होती. ती बसवून, वर 'आवश्यक' असा शेरा मारून मी मोकळी झाले असते आणि करारही बहुधा वाढला असता. पण कशासाठी, असं विचारलं होतं आणि उत्तर होतं, कशासाठीच नाही. मी तेच लिहून पाठवलं. यात तत्त्वबित्त्व काही नव्हतं. खोटं बोलायलाही थोडा उत्साह लागतो, तो माझ्यात उरला नव्हता.

संध्याकाळपर्यंत तिकडच्या एका सहकाऱ्याने माझा सगळा भाग काढून बदल तयार केला. तो मी माझ्या मशीनवर चालवून पाहिला. एक तरी चाचणी फसावी, कुठेतरी काहीतरी अडावं, असं मला फार वाटत होतं. सगळ्या चाचण्या पास झाल्या. उलट अ‍ॅप जरा लवकर उघडलं.

खाली सहकाऱ्याने विचारलं होतं, हा भाग मुळात कशासाठी होता? मी बरंच लिहिलं, मग खोडलं आणि 'आता लागत नाही' एवढंच ठेवलं. कोणाचा कोड काढायचा, तर ज्याने तो लिहिला त्यानेच मंजुरी द्यायची, असा आमच्याकडे नियम आहे. मी मंजुरी दिली.