नाव विल्फ्रेड, विषय मराठी

"विल सर गेले" असा मेसेज तोक्योतल्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी तोयोसुच्या ऑफिसात डबा उघडून बसले होते. खोटं कशाला सांगू, मला आधी राग आला. रडू नंतर आलं. कोण विल सर? तेरा वर्षं दर रविवारी ज्याने तुमच्या पोरांना मराठी शिकवलं, त्याचं नाव तुम्हाला धड पूर्ण लिहिता येत नाही? खाली जोडलेल्या हातांच्या रांगा लागल्या होत्या, फुलं होती, भावपूर्ण श्रद्धांजली होती, आणि ज्याच्यासाठी हे सगळं त्याचं नाव मात्र कुठेच नव्हतं. मी डबा झाकला आणि लिहिलं, "विल्फ्रेड सर. पूर्ण लिहा." त्यावर कोणीतरी फक्त अंगठ्याचं चित्र टाकलं आणि गप्पा प्रार्थनासभेच्या वेळेकडे वळल्या. याला आता सव्वा महिना झाला. राग अजून तेवढाच आहे, म्हणून हे लिहायला बसले.

विल्फ्रेड सर वसईचे. शाळा मराठी, घरातली बोली आणखी वेगळी, आणि रविवारी चर्च. मुंबईतल्या एका व्यापारी कंपनीने त्यांना आधी कोबेला पाठवलं, मग तोक्योला. तीन वर्षांसाठी आलेला माणूस तीस वर्षं राहिला. बायको इथेच वारली, मुलगा कॅनडाला गेला, हे निवृत्त होऊनही तोक्योच्या कोतो भागातल्या आपल्या दोन खोल्यांत राहिले. त्यांच्याकडे पहिल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. आजोबा विल्फ्रेड, म्हणून हे विल्फ्रेड. त्यांच्या वर्गात म्हणे चार विल्फ्रेड होते. बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा मास्तरांचा विल्फ्रेड, टपालवाल्यांचा विल्फ्रेड, वळणावरचा विल्फ्रेड आणि विहिरीवरचा विल्फ्रेड असा पुकारा व्हायचा. हे विहिरीवरचे. "आणि आता गावात हाक मारा," ते म्हणायचे, "एखादा म्हातारा वळून बघेल तर बघेल. पोरं सगळी आर्यन नि विहान."

माझी आणि त्यांची खरी ओळख झाली ती २०११च्या भूकंपाच्या वर्षी, आणि त्यात माझी बाजू काही फार शोभेची नाही. मार्चमध्ये जमीन हलली आणि पुढच्या आठवड्यात मी सहा वर्षांच्या ईशाला घेऊन पुण्याला पळाले. हो, पळाले. आमच्यातले बहुतेक जण पळाले, कंपन्यांनीच तिकिटं काढून दिली होती. घरी टीव्हीवर त्सुनामी नि अणुभट्टीचं जे दिसत होतं ते बघून आईने तर मला परत जाऊच देणार नाही असं जाहीर केलं होतं. विल्फ्रेड सर गेले नाहीत. आमच्या बिल्डिंगमधल्या एका म्हाताऱ्या जपानी बाईंना ते पाण्याच्या बाटल्या जिन्याने वर नेऊन देत होते, हे मला परत आल्यावर त्या बाईंनीच वाकून वाकून सांगितलं. सरांनी स्वतः त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

त्या शरदात बरीच कुटुंबं परतली. सहा महिने आजीआजोबांकडे राहून आलेल्या पोरांची मराठी जरा सुटली होती, ती पुन्हा आटायच्या आत रविवारचा वर्ग सुरू करावा असं मंडळात ठरलं. मी तेव्हा सेक्रेटरी. शिकवायला कोण, असं विचारल्यावर एकच हात वर झाला. मीटिंग संपल्यावर मात्र कुजबुज सुरू झाली. माणूस चांगला आहे हो, पण पालकांना काय सांगायचं? शिक्षक विल्फ्रेड म्हटलं की लोकांना वाटेल इंग्रजीचा क्लास आहे. एकीने तर मला बाजूला घेऊन विचारलं, त्यांना शुभंकरोति येतं का. मला वर्ग व्हायला हवा होता, आणि मी नेभळट निघाले. पत्रकावर मी छापलं, "शिक्षक : विलास सर". त्यांना न विचारता. मनाशी म्हटलं, एवढं काय त्यात, एकदा मुलं यायला लागली की सांगू.

पहिल्या रविवारी कम्युनिटी सेंटरच्या दारात सर ते पत्रक हातात घेऊन उभे होते. आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी. म्हणाले, "सुनेत्राबाई, हे विलास सर कधी येणार आहेत? ते आले की मी किल्ली त्यांच्याकडे देतो." मी आपलं पालकांचं सांगायला लागले, समजून घ्या, सुरुवातच आहे, नावात काय एवढं... त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "भूकंपाला घाबरून मी गेलो नाही. आता पालकांना घाबरून मी विलास होऊ? नाव मला आजोबांनी दिलं, भाषाही त्यांनीच दिली. त्यातलं एक ठेवा आणि एक टाका, असं तुम्ही सांगणार मला?"

मी तिथेच कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, जाऊन खरं नाव घातलेलं पत्रक काढून आणलं आणि दारावर लावलं. दोन कुटुंबं दारातून परत गेली. त्यातल्या एका गृहस्थांनी मला सांगितलं की पुढच्या महिन्यापासून मुलाची पोहण्याची शिकवणी आहे. चार मुलं राहिली, त्यातली एक माझी. सरांनी फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि म्हणाले, आज एवढंच शिकायचं. हे ज्याला वाचता आलं त्याला मराठीतलं कुठलंही जोडाक्षर अडणार नाही. तासभर चार पोरं त्या नावाशी झटत होती. ईशा घरी येऊन आरशावरच्या वाफेत तेच लिहीत बसली.

एक गंमत सांगायला हवी. जपान्यांना त्यांच्या नावाचं काहीही वावडं नव्हतं. वॉर्ड ऑफिसात सुनेत्रा आणि विल्फ्रेड दोन्ही परदेशी नावांसाठीच्या त्याच काताकाना लिपीत लिहायचे, दोन्ही सारखीच परकी, दोन्हींच्या वेळी खिडकीतला माणूस तेवढाच अडखळायचा. ऑफिसात त्यांना कोणी 'विरु-सान' म्हणायला लागलं तर ते नम्रपणे थांबवायचे आणि पूर्ण नाव सांगायचे, आणि समोरचा माफी मागून पूर्ण म्हणायचा. तेरा वर्षांत त्यांच्या नावाची अडचण झाली ती फक्त आम्हा मराठी माणसांना. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "आपल्यांनाच हक्क असतो ना." यात टोमणा होता की माया, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्यांनी त्या नावाचा सगळा छडा लावला होता. मूळ जर्मानिक, जुन्या इंग्रजीतून आलेलं. पहिला अर्धा भाग म्हणजे इच्छा, दुसरा म्हणजे शांतता. शांतता इच्छिणारा. मी म्हटलं, सर, मग तुम्ही इतके भांडखोर कसे? त्यावर त्यांनी मला त्या नावाच्या बिशपाची गोष्ट ऐकवली. तेराशे वर्षांपूर्वीचा हा संतपुरुष राजांशी भांडला, हद्दपार झाला, परत आला, पुन्हा भांडला, आणि तरी संत ठरला. "बघा, परंपरा आहे," म्हणाले. मग फ्रान्सकडचे राजे इंग्लंडवर आले आणि त्यांच्यासारखी नावं ठेवायची टूम निघाली. जुनी नावं शेतकऱ्यांकडे उरली, मग तिथूनही गेली. कित्येक शतकं हे नाव असं अडगळीत पडून होतं. एकोणिसाव्या शतकात कोणाला तरी जुन्याचं वेड लागलं, नाव पुन्हा वर आलं, साहेबाबरोबर बोटीत बसून आमच्याकडे पोचलं, आणि वसईच्या एका विहिरीवर येऊन राहिलं. हे सगळं ते असं सांगायचे की आपला एखादा चुलता कसा कुठे कुठे फिरून आला ते सांगावं.

कॅनडात नातू झाला तेव्हा मात्र त्या रविवारी त्यांनी वर्ग अर्ध्यातच सोडला. मुलाने फोनवर सांगितलं होतं की नाव लियो ठेवलंय, छोटं आहे, तिकडे सोपं पडतं. मी सांत्वन करायला गेले तर मलाच झापलं. म्हणाले, पोर त्यांचं, नाव त्यांचं, मी कोण ठरवणारा? मी माझ्या नावासाठी भांडतो, दुसऱ्याच्या नाही. पण चहाचा कप त्यांच्या हातात गार झाला होता आणि त्यांनी तो तसाच मोरीत ओतला. पुढे दोनतीन वर्षांनी एकदा ऑफिसात त्यांचा फोन आला. ऐन कामाच्या वेळी ते कधी फोन करत नसत, म्हणून मी घाबरून बाहेर जाऊन उचलला. तर इंग्लंडमध्ये विल्फ्रेड हे नाव पुन्हा ठेवायला लागलेत, तरुण आईबाप हौसेने आजोबांच्या वेळची नावं शोधतायत, असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं! "मी म्हटलं नव्हतं तुम्हाला?" ते दोनदा म्हणाले. असं ते मला कधीच म्हणाले नव्हते, पण मी हो म्हटलं.

आजार शेवटी शेवटी कळला. हॉस्पिटलात मी गेले तेव्हा मनगटावरच्या पट्टीवर नाव पूर्ण आहे ना, हे त्यांनी मलाही तपासायला लावलं. होतं. मग आवाज खाली करून म्हणाले, पुस्तकांचं बघा. वर्गासाठी त्यांनी तेरा वर्षांत दर खेपेला वसईहून, मुंबईहून पुस्तकं वाहून आणली होती, गोष्टींची, कोड्यांची, बाराखड्यांची, शिवाय जुने दिवाळी अंक. ती सगळी त्यांच्या घरात भिंतीला लावलेली. "मुलगा येईल, त्याला घर रिकामं करायची घाई असणार. इथे रद्दी दोरीने बांधून कचरागाडीसाठी खाली ठेवतात ना... तसं नको." मी म्हटलं, सर, वर्गात तुमच्या नावाचं वाचनालय करू. ते हसले. "मंडळ करू देईल?" मी शब्द दिला. ही आमची शेवटची भेट.

मंडळाने करू दिलं नाही. चर्चमधल्या प्रार्थनासभेत जपानी फादरांनी एकेक अक्षर सावकाश म्हणत त्यांचं नाव पूर्ण उच्चारलं, तिथे आमचे अध्यक्ष पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. पंधरा दिवसांनी मीटिंगमध्ये तेच म्हणाले, वाचनालयाला व्यक्तीचं नाव नको, ज्ञानदीप ठेवू. नवीन कुटुंबांना सर माहीत नाहीत, उगाच प्रश्न येतील. मी विचारलं, कुठले प्रश्न? ते म्हणाले, तुम्हाला कळतंय, सुनेत्राताई. मला कळत होतंच. मी म्हटलं, "कुलकर्णी सर असते तर हे वाक्य तुमच्या तोंडून आलं असतं का? माझ्या तोंडून तेरा वर्षांपूर्वी आलं होतं, म्हणून मी ओळखते." विलास सरांचं ते पत्रक काय होतं, ते मी सगळ्यांसमोर सांगितलं. मग मतदान झालं, आणि ज्ञानदीप जिंकलं.

त्या शनिवारी मी आणि ईशा सरांच्या घरी पुस्तकं खोक्यांत भरायला गेलो. त्यांचा मुलगा दुसऱ्या खोलीत कपाट आवरत होता. मी एकसारखी बडबडत होते, मंडळाला शिव्या घालत होते, शब्द दिला होता आणि पाळता आला नाही, हे पुन्हा पुन्हा म्हणत होते. ईशा आता एकोणीसची. मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देणारी. ती मांडीवर एक पुस्तक उघडून बसली होती. माझ्याकडे न बघता जपानीत म्हणाली, आई, नाव द्यायचं काय म्हणतेस? आहेच की. तिने पुस्तक माझ्याकडे वळवलं. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढ्या गोलात, लाल शाईत, देवनागरीत : विल्फ्रेड. मी दुसरं उघडलं. तिसरं. एकही सुटलं नव्हतं. टेबलाच्या खणात तो शिक्का होता, इथे बँकेत सहीऐवजी उमटवतात तसाच, लाकडाचा. गल्लीतल्या शिक्के कोरणाऱ्याने तो सरांनी लिहून दिलेल्या कागदावरून कोरला, त्याला आपली लिपी कळत नव्हती, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला, असं मुलाने सांगितलं. मग शिक्का माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "काकू, तुम्हीच ठेवा. आमच्याकडे हे कोणाला वाचता यायचं नाही."

परवा मंडळाने ज्ञानदीपसाठी पुण्याहून मागवलेली नवी पुस्तकं आली. वर्गाची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून खोकी माझ्याच घरी उतरली. मी ती उघडली, जेवणाच्या टेबलावर रचली, आणि ईशाला पानं धरायला बसवलं. दुपारभर आम्ही दोघींनी दुसरं काही केलं नाही. अध्यक्षांनी स्वतः निवडलेली आहेत ती, चांगली आहेत, फळीवर ज्ञानदीपची पाटीही मीच लावीन. फक्त आता रविवारी तुमचं मूल जे पुस्तक घरी आणेल त्याचं पहिलं पान उघडून बघा. एकूण एक पुस्तकावर विल्फ्रेड आहे. ज्याला खटकेल त्याने खोडून दाखवावं.